जिल्ह्याच्या सीमेपलीकडे : एका दिवसाच्या प्रवासाची आखणी

(पूर्व हवेलीतील शिक्षक, ग्रामपंचायतींचे सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर मांजरी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



माहिती खात्यातील माणूस व्यासपीठावर उभा राहिला, की तो एखाद्या योजनेची माहिती देणार, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. आज मी कोणतीही नवी योजना घेऊन आलेलो नाही. आपल्यापैकी प्रत्येकाने अनेकदा केलेल्या, परंतु ज्याचा शांतपणे विचार करण्याची सवड क्वचितच मिळते, अशा एका गोष्टीविषयी मला बोलावयाचे आहे. ती गोष्ट म्हणजे शेजारच्या जिल्ह्यातील एखाद्या गावी सार्वजनिक वाहनाने जाणे आणि त्याच दिवशी घरी परत येणे.

विषय किरकोळ वाटेल. तथापि, ज्याच्या दारी स्वतःचे वाहन नाही, त्याच्या दृष्टीने तो किरकोळ नाही. तालुक्याच्या कचेरीत सुनावणी असते, मुलीची प्रवेश परीक्षा असते, रुग्णालयात तपासणीची वेळ मिळालेली असते. गाडी अर्ध्या तासाने चुकते आणि त्याबरोबर दिवसाची मजुरी, भाड्याचे पैसे व झालेले काम अशा तिन्ही गोष्टी हातच्या जातात. कचेरीच्या नोंदवहीत मात्र केवळ 'अर्जदार गैरहजर' एवढेच शब्द उमटतात. ह्या दोन शब्दांमागे पुष्कळदा चुकलेली एसटी उभी असते, हे आपण ध्यानात घ्यावे, एवढ्यासाठीच हा विषय मी निवडला आहे.

मांजरीचे स्थान

मुळा-मुठेच्या दक्षिण तीरावर मांजरी बुद्रुक आणि उत्तर तीरावर मांजरी खुर्द, अशी ही जोडगावे आहेत. मांजरी बुद्रुक २०२१ साली पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आले. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र ह्या संस्थांमुळे राज्यातील ऊस व द्राक्ष उत्पादकांना मांजरीचे नाव परिचित आहे. दक्षिणेकडून पुणे-सोलापूर महामार्ग जातो. गावाला स्वतःचे रेल्वे स्थानक आहे. पुणे-दौंड मार्गावर हडपसर आणि लोणी ह्या स्थानकांच्या मध्ये ते येते. पुण्याहून पूर्वेकडे भीमेच्या दिशेने जाणारा हा लोहमार्ग १८५८ साली सुरू झाला. म्हणजे ह्या परिसरातून आगगाडी धावू लागल्यास दीडशेहून अधिक वर्षे लोटली आहेत.

एसटीचा इतिहास त्या मानाने अलीकडचा आहे. राज्य परिवहनाची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे आणि अहमदनगर ह्या दोन शहरांदरम्यान धावली. त्या शहराचे व जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. ह्या घटनेतील एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. एसटीची पहिली फेरीच मुळी जिल्ह्याची सीमा ओलांडणारी होती. जिल्हा ही कारभाराच्या सोयीसाठी आखलेली रेषा आहे. माणसांची नाती, शेती, बाजार आणि कोर्टकचेऱ्या त्या रेषेने बांधलेल्या नाहीत, हे त्या पहिल्या बसनेच दाखवून दिले.

तीन व्यवस्था, तीन वेळापत्रके

मांजरीच्या रहिवाशाला तीन सार्वजनिक व्यवस्था उपलब्ध आहेत. शहरात व शहरालगत फिरण्यासाठी पीएमपीएमएलची बस आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवड येथील दोन परिवहन उपक्रमांचे एकत्रीकरण होऊन २००७ साली ही संस्था अस्तित्वात आली. जिल्ह्यात व जिल्ह्याबाहेर जाण्यासाठी राज्य परिवहन महामंडळाची एसटी आहे. तिसरी व्यवस्था रेल्वेची असून ती केंद्र शासनाच्या अखत्यारीत येते.

ह्या तिन्ही व्यवस्था आपापल्या परीने सेवा देतात. परंतु एकीची गाडी दुसरीच्या गाडीसाठी थांबत नाही. रेल्वे वीस मिनिटे उशिरा आली म्हणून एसटीचा चालक वाट पाहणार नाही, कारण त्याच्या वेळापत्रकात त्या रेल्वेचा उल्लेखच नसतो. स्वित्झर्लंडने १९८२ साली देशभर असे वेळापत्रक लागू केले, की गाड्या ठरावीक मिनिटांना मोठ्या स्थानकांवर एकत्र याव्यात आणि पुढच्या बसगाड्या त्यांना जोडून सुटाव्यात. तेथे गाड्यांचा मेळ व्यवस्थाच घालून देते. आपल्याकडे तो बहुतांशी प्रवाशाला स्वतः घालावा लागतो. म्हणूनच आपल्याकडे आखणीला अधिक महत्त्व आहे.

उलट्या दिशेने मांडणी

आता एक उदाहरण घेऊ. समजा, मांजरीत राहणाऱ्या एका विधवा भगिनीची सासरची जमीन श्रीगोंदे तालुक्यात आहे. वारसनोंदीवरील हरकतीची सुनावणी श्रीगोंद्याच्या तहसील कार्यालयात सकाळी अकरा वाजता ठेवलेली आहे. श्रीगोंदे अहिल्यानगर जिल्ह्यात येते. मांजरीहून रेल्वेने दौंड, दौंडजवळ भीमा ओलांडून एसटीने काष्टी आणि पुढे श्रीगोंदे, असा एक मार्ग आहे.

सर्वसाधारण माणूस 'सकाळी पहिली गाडी किती वाजता आहे?' ह्या प्रश्नापासून सुरुवात करतो. माझी सूचना अशी, की सुरुवात शेवटापासून करावी. वही घ्यावी आणि सर्वांत वर लिहावे : अकरा वाजता सुनावणी. बस-स्थानकापासून कचेरीपर्यंत चालणे, योग्य खोली शोधणे आणि नाव नोंदविणे ह्यांसाठी पाऊण तास. म्हणजे सव्वादहाला श्रीगोंद्यास उतरले पाहिजे. दौंड ते श्रीगोंदे प्रवासास एक तास धरू. म्हणजे दौंडहून सव्वानऊची एसटी. दौंड येथे गाडी बदलण्यासाठी पाऊण तास. म्हणजे साडेआठला रेल्वेने दौंडला पोहोचणे आले. थांबत थांबत जाणाऱ्या गाडीला मांजरीहून दौंडपर्यंत दीड तास धरला, तर मांजरी सात वाजता सोडली पाहिजे. तिकिटासाठी वीस मिनिटे धरून स्थानकावर पावणेसातच्या आत हजर असावे.

ही आकडेमोड केवळ रीत समजावी म्हणून केली आहे. खऱ्या गाड्या ह्याच मिनिटांना मिळणार नाहीत. प्रत्येक टप्प्याला आपण काढलेल्या वेळेच्या आधीची जी गाडी असेल, ती निवडावयाची, हा नियम. कदाचित सातऐवजी सहाची गाडी धरावी लागेल. पण ही मांडणी आदल्या संध्याकाळी घरी झाली, तर तिची किंमत कागदाचा एक तुकडा एवढीच असते. तीच दुसऱ्या दिवशी दौंडच्या फलाटावर करावी लागली, तर सुनावणीच हातची जाण्याचा संभव असतो.

वेळापत्रक वाचताना

वेळापत्रक समोर असूनही फसगत होते, ती बहुधा चार ठिकाणी.

पहिली गोष्ट थांब्याची. मांजरीसारख्या लहान स्थानकावर प्रत्येक गाडी थांबत नाही. डोळ्यांदेखत धडधडत जाणारी जलद गाडी आपल्या उपयोगाची नसते. एसटीतही साधी, जलद आणि विनाथांबा हा भेद पाहावा लागतो. विनाथांबा गाडी आपल्या फाट्यावर उतरवील, असे गृहीत धरू नये.

दुसरी गोष्ट 'मार्गे' ह्या शब्दाची. एसटीच्या पाटीवर गावाचे नाव मोठ्या अक्षरांत आणि मार्ग लहान अक्षरांत असतो. पुण्याहून एकाच गावी जाणाऱ्या दोन बस दोन निरनिराळ्या मार्गांनी जाऊ शकतात. एखादी बस शिरूरमार्गे जाणार असेल, तर ती नगर रस्त्याने जाईल. तिची वाट सोलापूर रस्त्यावर हडपसरला उभे राहून पाहणे व्यर्थ होय.

तिसरी गोष्ट स्थानकाच्या नावाची. दौंडचेच उदाहरण पाहा. दौंड-मनमाड हा लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांना पूर्वी दौंड जंक्शनमध्ये येऊन इंजिनाची दिशा बदलावी लागे. हा वेळ वाचविण्यासाठी जोडमार्ग बांधण्यात आला आणि त्यावर 'दौंड कॉर्ड लाइन' नावाचे वेगळे स्थानक झाले. आता त्या दिशेच्या अनेक गाड्या जंक्शनात न जाता ह्या दुसऱ्या स्थानकावर थांबतात. 'दौंडला गाडी बदलू' एवढे ठरवून निघालेला प्रवासी एका दौंडला उतरतो आणि त्याची पुढची गाडी दुसऱ्या दौंडहून सुटते, असा प्रसंग संभवतो. तेव्हा तिकिटावर व वेळापत्रकात स्थानकाचे पूर्ण नाव वाचावे.

चौथी गोष्ट तारखेची. रेल्वेचे वेळापत्रक चोवीस तासांच्या घड्याळाप्रमाणे चालते. रात्री बारा वाजून दहा मिनिटांनी सुटणारी गाडी ००.१० अशी लिहिली जाते आणि ती पुढच्या तारखेची असते. पंधरा तारखेची ००.१० ची गाडी पकडावयाची असेल, तर चौदा तारखेच्या रात्री स्थानकावर पोहोचले पाहिजे. ह्या एका बाबतीत सुशिक्षित माणसेही फसतात. तसेच, गाडी रोज धावते की आठवड्यातील ठरावीक दिवशी, हेही पाहावे. शंका असल्यास रेल्वेच्या १३९ ह्या क्रमांकावर विचारणा करता येते.

वेळेच्या ह्या शिस्तीला इतिहास आहे. इंग्लंडमध्ये जॉर्ज ब्रॅडशॉ ह्याने १८३९ साली रेल्वेची वेळापत्रके एकत्र करून छापण्यास आरंभ केला. आपल्या देशात भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली. त्यापूर्वी रेल्वे मद्रासच्या वेळेप्रमाणे चाले आणि मुंबईची स्थानिक वेळ तिच्या सुमारे अर्धा तास मागे असे. घरचे घड्याळ एक आणि स्थानकाचे घड्याळ दुसरे, अशी प्रवाशाची स्थिती होती. आज घड्याळ सर्वांचे एक आहे. मेळ घालावयाचा आहे तो गाड्यांचा.

परतीची गाडी आधी

जाण्याची व्यवस्था माणूस कशीबशी करतो. अडतो तो परतताना. सकाळच्या वेळी गाड्या अधिक असतात आणि एक चुकली तर दुसरी मिळते. संध्याकाळी तालुक्याच्या गावाहून जिल्ह्याबाहेर जाणाऱ्या गाड्या विरळ होतात. म्हणून वहीच्या दुसऱ्या पानावर प्रथम शेवटची गाडी लिहावी, तिच्या आधीची गाडी लिहावी आणि आधीच्या गाडीने परतण्याचे ठरवावे. शेवटची गाडी ही राखीव समजावी. सुनावणी अकराऐवजी तीन वाजता निघाली, तरी आपण कोणत्या वेळेपर्यंत थांबू शकतो, हे मग त्या भगिनीला निश्चित सांगता येते. कचेरीतील लिपिकालाही ती धीराने म्हणू शकते, की 'साहेब, साडेचारनंतर मला गाडी नाही.'

तिकिटाचाही विचार करावा. १९९ किलोमीटरपर्यंतच्या अनारक्षित रेल्वे तिकिटावर, ते काढल्यापासून तीन तासांच्या आत किंवा त्यानंतरची पहिली गाडी सुटेपर्यंत, ह्यांपैकी जे नंतर असेल तोवर, प्रवास सुरू करावा लागतो. सकाळी काढलेल्या तिकिटावर संध्याकाळी परतता येईल, असे समजू नये. सुपरफास्ट गाडीस साधे तिकीट पुरत नाही. अधिभार द्यावा लागतो.

एसटीच्या सवलती मात्र मोलाच्या आहेत. ७५ वर्षे पूर्ण झालेल्या ज्येष्ठांना २६ ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवासाची सोय झाली. ६५ ते ७५ वर्षे वयाच्या ज्येष्ठांना निम्मे भाडे पडते. महिलांना १७ मार्च २०२३ पासून सर्व प्रकारच्या एसटी बसमध्ये निम्म्या भाड्याची सवलत लागू झाली. अहिल्याबाई होळकर योजनेखाली ग्रामीण भागातील शाळकरी मुलींना मोफत पास मिळतो. एसटीच्या ह्या सवलती पीएमपीएमएलच्या किंवा रेल्वेच्या तिकिटास लागू होत नाहीत. रेल्वेने ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० मध्ये थांबविली. तेव्हा त्या भगिनीबरोबर तिचे ७६ वर्षांचे सासरे जाणार असतील, तर संपूर्ण प्रवास एसटीने करणे सोयीचे, की काही भाग रेल्वेने करणे, हा हिशेब घरोघर वेगळा निघेल. वयाचा पुरावा मात्र जवळ ठेवलाच पाहिजे.

हंगाम पाहून निघावे

वेळापत्रक छापील असले, तरी रस्ता छापील नसतो. पावसाळ्यात खडकवासल्यातून विसर्ग वाढला, की मुळा-मुठेच्या काठच्या सखल रस्त्यांची चौकशी करूनच निघावे. लोहमार्गाच्या देखभालीसाठी काही तास वाहतूक बंद ठेवली जाते. त्याची सूचना वृत्तपत्रांतून दिली जाते. निवडणुकीच्या दिवसांत एसटीच्या बस मतदान पथकांसाठी घेतल्या जातात आणि आषाढीच्या सुमारास त्या पंढरपूरकडे वळविल्या जातात. २०२१ च्या अखेरीस सुरू होऊन २०२२ च्या एप्रिलपर्यंत लांबलेल्या एसटी कर्मचाऱ्यांच्या संपात, एकाच व्यवस्थेवर विसंबलेल्या गावांचे किती हाल होतात, हे सर्वांनी अनुभवले. म्हणून प्रत्येक प्रवासासाठी दुसरा मार्ग वहीत लिहिलेला असावा.

आषाढीचा उल्लेख आला, म्हणून सांगतो. नियोजित प्रवासाचा उत्तम नमुना आपल्या दाराशीच आहे. दर वर्षी आषाढीच्या वारीत तुकोबांची पालखी पुण्याहून निघून सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरला मुक्कामास जाते. माउलींची पालखी हडपसरहून दिवे घाटाकडे वळते आणि पुढे नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात प्रवेश करते. हजारो माणसे, दोन-तीन जिल्हे आणि पायी चाल. तरीही कोणत्या तिथीला कोणत्या गावी मुक्काम, हे गावागावांत आधीच ठाऊक असते. कारण तेथे मुक्काम प्रथम ठरतात आणि चाल त्यांच्या मापाने बसविली जाते. शिवाय वाटेवरची गावे त्या दिवशी पाणी, भोजन व निवारा घेऊन सज्ज असतात. प्रवाशाची आखणी आणि यजमानाची तयारी ह्या दोन्ही गोष्टी तेथे एकत्र येतात.

यजमानाचे कर्तव्य

आतापर्यंत मी प्रवाशाने काय करावे, ते सांगितले. आता यजमानाविषयी बोलतो, आणि येथे यजमान म्हणजे आपण सर्व आहोत. त्या भगिनीने पहाटे उठून सर्व मेळ बिनचूक घातला, तरी सुनावणी सकाळी साडेदहाला ठेवलेली असेल आणि कोणतीच जोडगाडी तोवर पोहोचत नसेल, तर दोष तिच्या आखणीत नाही. तारीख आणि वेळ ठरविणाऱ्याने एसटीचे वेळापत्रक पाहिलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

अधिकारी बंधूंना माझी विनंती आहे. सूचनापत्र काढताना पक्षकाराचा पत्ता वाचावा. तो दुसऱ्या जिल्ह्यातील असेल, तर त्याचे प्रकरण दुपारी बारा ते तीन ह्या वेळेत घ्यावे आणि बाहेरगावच्या लोकांना प्रथम बोलवावे. सूचनापत्राच्या तळाशी कार्यालय बस-स्थानकापासून किती अंतरावर आहे, ही एक ओळ टाकावी. सुनावणी तहकूब करावयाची असेल, तर तसा निरोप आदल्या दिवशी द्यावा. ह्यासाठी नवे अनुदान लागत नाही, नवा शासननिर्णय लागत नाही.

ग्रामपंचायतींनी गावातील फलकावर चार ओळी लिहाव्यात : सकाळची पहिली गाडी, संध्याकाळची शेवटची गाडी, त्यांचा थांबा आणि आगाराचा दूरध्वनी. दर तीन महिन्यांनी हा मजकूर तपासून घ्यावा. जुने वेळापत्रक हे वेळापत्रक नसण्याहून वाईट. एखाद्या गाडीची वेळ रेल्वेशी जुळत नसेल, तर आठवडाभर प्रवाशांची मोजणी करावी, किती जणांची गाडी किती मिनिटांनी चुकते हे लिहावे आणि तो तक्ता ठरावासोबत आगार व्यवस्थापकांकडे पाठवावा. 'गैरसोय होते' ह्या शब्दांपेक्षा 'रोज इतक्या प्रवाशांची गाडी दहा मिनिटांनी चुकते' हे वाक्य अधिक काम करते.

शिक्षकांच्या हाती तर सर्वांत मोठे साधन आहे. सातवी-आठवीच्या वर्गात एक दिवस खरे वेळापत्रक आणावे आणि मुलांना सांगावे, की मांजरीहून श्रीगोंद्यास जाऊन सूर्यास्तापूर्वी परत या, केवळ कागदावर. त्यात गणित आहे, भूगोल आहे, चोवीस तासांचे घड्याळ आहे आणि सीमेवरील नद्यांची ओळख आहे. अशा वर्गातून बाहेर पडलेली मुलगी उद्या आपल्या आजीला रुग्णालयात नेऊन सुखरूप घरी आणील. प्रवासासाठी कोणाची तरी सोबत मिळेपर्यंत शिक्षण किंवा नोकरी लांबणीवर टाकण्याची वेळ तिच्यावर येणार नाही.

आपल्याकडे रस्ते झाले, लोहमार्ग झाले, भाड्यात सवलती आल्या. ह्या सर्वांचा लाभ माणसाच्या पदरी पडतो तो मात्र दोन गाड्यांच्या मधल्या त्या पाऊण तासात. तो पाऊण तास प्रवाशाने राखावा आणि कचेऱ्यांनी त्याची जाणीव ठेवावी. येथून परतल्यावर आपल्या कार्यालयातून, शाळेतून किंवा पंचायतीतून जाणाऱ्या पुढच्या सूचनापत्रावर वेळ लिहिण्यापूर्वी आपण एकदा एसटीचे वेळापत्रक उघडून पाहिलेत, तर आजचे हे व्याख्यान कारणी लागले, असे मी समजेन.